फाटकाजवळची जागा

"सकाळी इथून कोण कोण जातं?" मंदाने विचारलं.

टेरीला प्रश्न कळला नाही. मरीना सांभाळणारा माणूस तो. जागा बघायला येणारे त्याला विजेचं विचारत, पाण्याच्या खोलीचं विचारत, भाड्यावरून घासाघीस करत. सकाळी कोण जातं, हे त्याला आजवर कुणी विचारलेलं नसावं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं.

"हे समोर कपडे धुवायच्या मशीनची खोली आहे ना," मंदा बोटाने दाखवत म्हणाली, "आणि तिथे कचऱ्याचे डबे, आणि हे फाटक. मग सगळ्यांना इथूनच जावं लागत असेल."

"सगळ्यांनाच," टेरी म्हणाला. मग जरा ओशाळून, "म्हणून तर ही जागा रिकामी राहते, मिसेस टिपणीस. वर्दळ फार. त्या टोकाची जागा मात्र..."

"टोकाची बघितली. छान आहे."

ते 'छान आहे' मी ओळखून होतो. दुकानदाराने गादीवर साड्यांचा ढीग उलगडला, की मंदा ज्या साडीला 'छान आहे' म्हणते ती साडी कधीच घरी येत नाही. आणि टोकाची जागा मी मनात कधीच पक्की करून टाकली होती.

एव्हन नदीच्या काठी एक लहानसं जुनं शहर आहे, त्याच्या बाहेर ही मरीना. मरीना म्हणजे नदीला लागून खणलेलं मोठं तळं. त्यात लाकडाचे तरंगते धक्के, आणि गोठ्यात जनावरं बांधावीत तशा धक्क्यांना ओळीने बोटी बांधलेल्या. आमची नॅरोबोट त्या दिवशी पाहुण्यांच्या धक्क्याला उभी होती. लांबच लांब, पण रुंदीला इतकी कमी, की आत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला पाठ लावायची. आमच्या पेणच्या घराचा बोळसुद्धा तिच्यापेक्षा ऐसपैस होता.

ही बोट माझं वेड. कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात टूलरूममध्ये हत्यारं आणि साचे घडवत जन्म काढला आणि निवृत्त झाल्यावर घर विकून बोट घेतली. मुलगी अनघा तोवर मेलबर्नला जाऊन राहिली होती. मंदाला पोहता येत नाही. पाण्याकडे ती सावत्र सासूकडे बघावं तशी बघायची. तरी आली. "आयुष्यभर तुम्ही मशीनचा आवाज ऐकलात, आता इंजिनचा ऐका. मला काय, मी कानात कापूस घालीन," एवढंच म्हणाली. ज्यांना कायमची जागा नसते त्यांनी थोड्या थोड्या दिवसांनी पुढे सरकायचं, असा इथल्या कालव्यांचा नियम. तशी आम्ही चार वर्षं काढली. आज या पुलाखाली, उद्या त्या शेताकडेला. मी सुखात होतो. तीही होती, असं मला वाटतं.

त्या उन्हाळ्यात मंदा आजारी पडली. आजाराचं नाव मी इथेही लिहीत नाही, कारण हे सगळं मी बोटीत बसून लिहितो आहे, आणि बोटीत ते नाव घ्यायचं नाही असा तिचा नियम होता. बोट घेतल्या दिवशीच तिने दाराला तोरण लावलं, उंबरठ्यावर हळदकुंकू वाहिलं आणि मला बजावलं, "वास्तू तथास्तु म्हणत असते. इथे अभद्र काही बोलायचं नाही." मी म्हटलं, "अगं, वास्तू जमिनीवर असते. हा लोखंडी डबा आहे." ती म्हणाली, "जिथे आपण जेवतो आणि झोपतो ती वास्तू. डबा असो नाहीतर डबकं." तेव्हापासून आमची भांडणं, शिव्याशाप, कुणाच्या मरणाच्या बातम्या, सगळं काठावर उतरून व्हायचं. कालव्याकाठी कुत्री फिरवणाऱ्या इंग्रजांनी साडीवर स्वेटर घातलेली एक बाई आणि कानटोपी घातलेला एक म्हातारा गवतात उभे राहून तावातावाने भांडताना कितीदा पाहिले असतील. दोघं पुन्हा बोटीत शिरली की सगळं शांत.

डॉक्टरांनी आता औषधं थांबवू म्हटलं, तेही तिने मला काठावरच सांगायला लावलं. तिला ते आधीच कळलेलं होतं. तरी मला सांगायला लावलं.

तर आता सरकत राहणं शक्य नव्हतं. नर्स घरी यायला पत्ता लागतो, बोटीलाही लागतो. हिवाळ्यासाठी एक जागा हवी होती, आणि तो हिवाळा म्हणजे काय हे आम्ही दोघंही जाणून होतो. म्हणूनच मला टोकाची जागा हवी होती. सगळ्यात लांबच्या धक्क्याचं शेवटचं टोक. शेजारी एक वाळुंजाचं झाड, पुढे उघडी नदी, पलीकडे कुरणं आणि त्यापलीकडे चर्चचा मनोरा. बोट तोंड फिरवून लावली की झोपायच्या खोलीची खिडकी बरोबर नदीवर येत होती. मंदाला अंथरुणावरून पाणी दिसेल, बगळे दिसतील, आजूबाजूला कुणाची कटकट नाही. तिच्यासाठी मी एवढंच करू शकत होतो, आणि तेवढं तरी मला नीट करायचं होतं.

आणि ही बाई कचऱ्याचे डबे बघत होती.

"मी जरा ती कपड्यांची खोली बघून येते," ती म्हणाली.

"तिथे काय बघायचंय? मशीन आहे. गोल फिरतं."

"आत्या म्हणायची, मुलगी द्यायचं घर ओटीवरून बघू नये, मोरीतून बघावं," असं म्हणून ती निघालीसुद्धा. कॉव्हेंट्रीच्या मराठी मंडळात तिने पाच-सहा लग्नं जुळवली होती. कुणाचं घर बघायला गेली, की बैठकीत पाच मिनिटं आणि स्वयंपाकघरात तासभर. मुलाची आई घरातल्या माणसांशी कशी बोलते, शेजारीण साखर मागायला येते की नाही, हे बघून ती हो किंवा नाही म्हणायची. त्यातलं एकही लग्न मोडलं नाही, हे मान्य करायला हवं.

ती हळूहळू चालत होती. तिचा हात धरायला मी पुढे झालो तर म्हणाली, "तुम्ही टेरीकडे जा. विजेचं वगैरे विचारा."

मी टेरीबरोबर त्याच्या कचेरीत गेलो, विजेचं विचारलं, पाण्याचं विचारलं, त्याने दिलेला पांढराफटक चहा प्यायलो, आणि सांगून टाकलं की टोकाची जागा आमच्यासाठी धरून ठेव. बायकोचं मी बघतो. टेरी हसला. त्यालाही बायको असावी.

बाहेर आलो तर मंदा कपड्यांच्या खोलीत नव्हती. शोधत गेलो. फाटकाजवळच्या रिकाम्या जागेच्या उजव्या हाताला एक हिरवी बोट होती, तिच्या पुढच्या भागात ती बसली होती. हातात कप, आणि समोर एक उंच, हाडापेराने मोठी, पांढऱ्या केसांची बाई. दोघींची डोकी जवळ आली होती. मला पाहताच बोलणं थांबलं.

"हे माझे मिस्टर," मंदा म्हणाली. "प्रभाकर."

"मी ग्लेनिस," ती बाई म्हणाली. बोलण्यात वेल्सचा हेल होता. "मँडी सांगत होती, तुम्ही टूलरूममध्ये होता. हातात कसब आहे म्हणे."

अर्ध्या तासात मंदाकिनीची मँडी झाली होती. मी म्हटलं, "होतं कधीकाळी."

"मी वीस वर्षं एकटी राहते बोटीवर," ग्लेनिस म्हणाली. "एकटीच्या संसारात काही ना काही मोडतच असतं." आणि तिने माझ्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. बाजारात माणूस बैल बघतो तसं. मला ते आवडलं नाही.

डावीकडच्या बोटीवरचा माणूसही मंदाला ओळखीचा हात करत होता. रॉय त्याचं नाव, बसचालक होता, बायको दोन वर्षांपूर्वी गेली, गुडघा दुखतो, कुत्र्याचं नाव बिस्किट. ही माहिती मला आमच्या बोटीपर्यंत जाता जाता मिळाली. कपड्यांच्या खोलीत आणखी तिघं-चौघं भेटली होती, त्यांचीही मिळाली. मी म्हटलं, "तू इथे राहायला आली आहेस की निवडणुकीला उभी राहणार आहेस?" ती हसली. हसताना तिला धाप लागली.

दुपारी मी वरणभात केला. ती चार घास जेवली. मी हळूच विषय काढला.

"टोकाची जागा मी धरून ठेवायला सांगितली आहे."

"का?"

"का म्हणजे? ती बघितलीस ना तू? खिडकीतून नदी दिसते. शांतता आहे. तुला आता..."

तिने हात वर केला. "बाहेर."

"मंदा, पाऊस भुरभुरतोय."

"मग छत्री घ्या."

आम्ही उतरलो. धक्क्यावर मी थांबलो, तर म्हणाली, हा तरंगतो, हा बोटीतच मोजायचा. मग गवतापर्यंत गेलो. एका छत्रीखाली दोघं. तिने माझा दंड धरला होता. तिच्या हाताला वजनच राहिलं नव्हतं.

"आता बोला," ती म्हणाली.

"तुला आता शांतता हवी," मी म्हटलं. "माणसाने शेवटी... म्हणजे, जे दिवस आहेत ते चांगल्या ठिकाणी जावेत. पाणी बघत. तिथे फाटकाशी दिवसभर लोकांचे पाय दिसणार, कचऱ्याच्या गाड्या येणार. मी आयुष्यभर तुला कारखान्यामागच्या घरात ठेवलं. आता तरी चांगलं काही बघू दे तुला."

तिने छत्री माझ्याकडे कलती केली.

"अहो, मी किती दिवस बघणार आहे?" ती म्हणाली. "पुढे पुढे तर आडवीच असणार. आडव्या माणसाला छत दिसतं. नदी काय आणि डबे काय."

"असं नको बोलू."

"त्यासाठीच तर बाहेर आलो ना आपण? मग बोलू दे." तिने श्वास घेतला. "ही जागा माझ्यासाठी बघत नाहीये मी. मी जाणार. तुम्ही राहणार. अनघा मेलबर्नला बोलावील, तुम्ही जाणार नाही. बोट विकणार नाही. हे मला ठाऊक आहे. मग त्या टोकाला तुम्ही एकटे. तिथून पुढे कुणाला जायचंच नसतं, तर कोण येणार तिकडे?"

"मला कुणी यायला नको आहे."

"तेच," ती म्हणाली. "सासूबाई गेल्या तेव्हाचं आठवतं?"

आठवत होतं. आईच्या शेवटाला मी पेणला पोचू शकलो नव्हतो. विमान चुकलं, पुढचं मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. परत आलो आणि मागच्या अंगणाकडे तोंड करून खुर्चीत बसलो. गणपतीत बसलो तो होळीपर्यंत. कामावर जायचं, यायचं, बसायचं. मंडळाची माणसं भेटायला आली तर मी उठून आत जायचो. कुणी काही मदत करू लागलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जेवायलाही मंदा हाताला धरून उठवायची, तेव्हा उठायचो. नाहीतर जेवण राहून जायचं.

"तेव्हा उठवायला मी होते," मंदा म्हणाली.

नदीवरून एक बोट फटफटत गेली. तिच्यावरच्या माणसाने आम्हाला हात केला. रीत म्हणून मीही केला.

"मी कुणाच्या दारात जाणार नाही," मी म्हटलं. "रॉय नाही, ती लांबडी ग्लेनिस नाही. कुणाकडे काही मागणार नाही. आणि कुणी कणव करत आलेलं मला खपणार नाही, सांगून ठेवतो. मग फाटकाशी राहिलो काय आणि टोकाला राहिलो काय."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "नाकावर माशी बसू देत नाही तुम्ही. चाळीस वर्षं बघते आहे. पण जागा तीच घ्या. माझं एवढं ऐका."

मला रडू आलं. राग आला म्हणूनही असेल. तिच्यासाठी मी शोधलेली एकच चांगली गोष्ट ती परत करत होती, आणि वर मी तिच्या मागे कसं जगायचं ते ठरवत होती. मला तिच्या मागे जगायचंच नव्हतं. तेही मी तिथे बोललो, काठावर होतो म्हणून. तिने छत्री खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी माझं तोंड पुसलं, लहान मुलाचं पुसतात तसं, जरा खसाखसा.

"झालं बोलून?" ती म्हणाली. "चला आता. भिजलात."

हट्टाच्या बाबतीत आम्ही एका माळेचे मणी, पण त्या दिवशी मीच हात टेकले.

संध्याकाळी बोट फाटकाजवळच्या जागेत घातली. दोन बोटींच्या मध्ये, दोन्हीकडे हातभर जागा. रॉय आणि ग्लेनिस आपापल्या बोटीवर येऊन उभे राहिले. रॉयने दोर घ्यायला हात पुढे केला. "जमेल मला," मी म्हटलं. तेवढ्यात मंदाने त्याच्याकडे पाहून नुसती मान हलवली, आणि तो मुकाट्याने बाजूला झाला. मी एकट्याने उड्या मारत पुढचा दोर बांधला, मागचा बांधला, आणि मरेस्तोवर दमलो.

तो हिवाळा आम्ही त्या जागेत काढला. पलंगावरून खरोखरच नदी दिसत नव्हती. एक वाटोळी खिडकी होती, ती बरोबर धक्क्याच्या पातळीला यायची, आणि त्यातून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पाय दिसायचे. मंदा कुशीवर वळून ते बघत असे. "आज रॉयने दोन पायांत दोन रंगांचे मोजे घातलेत." "ग्लेनिसचे बूट फाटले, नवे घ्यायला सांगा तिला." "हे नवे पाय कुणाचे?" काचेवर ती बोटाने टकटक करायची, मग ते पाय थांबायचे, गुडघे दिसायचे, आणि एक चेहरा खाली वाकून तिला हसायचा. बिस्किट तर रोज काच चाटून जायचं. मला कुढायला वेळच मिळाला नाही. शेवटी शेवटी ती फार बोलत नसे, पण डोळे त्या खिडकीकडेच असायचे.

जानेवारीत ती गेली. सकाळी, झोपेतच. मी चहा घेऊन गेलो आणि कप हातात धरून तसाच उभा राहिलो.

अनघा आली, सगळं पार पडलं, अनघाला जास्त रजा नव्हती. "बाबा, चला तिकडे," ती म्हणाली. "येईन सावकाशीने," मी म्हटलं. तिला फाटकापर्यंत सोडून परत आलो, दार आतून लावून घेतलं, पडदे ओढले आणि खुर्चीत बसलो. खुर्चीचं तोंड भिंतीकडे होतं. सांगायचं तर मला तेव्हा बरं वाटलं. आता कुणी उठवणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी छतावर कुणीतरी दणादण हात मारला. मी गप्प बसलो. पुन्हा दणदण. उठून दार उघडलं तर ग्लेनिस.

"माझा गॅस संपला," ती म्हणाली. "नवा सिलिंडर आणलाय, पण तो नट काही फिरेना. तुम्ही येता का?"

मी तिच्याकडे बघतच राहिलो. आमच्याकडे सुतकात माणसाला कुणी शिवत नाही. शेजारीपाजारी पिठलंभात आणून देतात आणि आल्या पावली परत जातात. आणि ही बाई, बायको जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत अशा माणसाला, कसा आहेस असं विचारायचंही सोडून, काम सांगायला आली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बाई थंडीत गॅसशिवाय होती. मी पाना घेतला आणि गेलो. नट उलट्या आट्यांचा होता, उजवीकडे फिरवला की सुटतो. "उलटा फिरवायचा," मी खेकसलो. "वीस वर्षं बोटीवर राहता ना?" ती म्हणाली, "माझ्या लक्षातच राहत नाही."

त्यानंतर सुरूच झालं. दुपारी रॉय आला. गुडघा धरला आहे, बिस्किटाला जरा फिरवून आणाल का? दुसऱ्या दिवशी पलीकडच्या धक्क्यावरची एक बाई आली, तिचा पाण्याचा पंप आवाज करत होता. मग टेरी, त्याच्या कचेरीचं कुलूप. मग कुणाचं शिलाईचं मशीन. मग पुन्हा रॉय. मी सगळ्यांच्या वसकन अंगावर जायचो, पण कुणी मनाला लावून घेत नव्हतं. एकाने म्हणून मला कधी विचारलं नाही, की प्रभाकर, कसं चाललंय? जेवलास का? फोनवर अनघाला मी म्हणायचो, "ही इंग्रज माणसं निम्मी पांगळी आहेत गं. यांना साधा बल्ब बदलता येत नाही. यांनी आपल्यावर राज्य कसं केलं कोण जाणे." ती हसायची. बिस्किटाला फिरवायचं तर बूट घालावे लागत. बूट घातले की गावापर्यंत जाणं होई. गावात गेलं की पाव, दूध घेणं होई. घरी आणलेलं खाल्लं जाई.

असं वर्षानुवर्षं चाललं. बिस्किट म्हातारं होऊन मेलं, रॉयने दुसरं कुत्रं आणलं, तेही मीच फिरवू लागलो. ग्लेनिसचा सिलिंडर मात्र ठरलेला. दर महिन्या-दीड महिन्याने छतावर दणदण.

गेल्या शरदात मी डोळे तपासायला शहरातल्या दवाखान्यात निघालो होतो. दिवसभर लागेल, असं सगळ्यांना सांगून गेलो. बसथांब्यावर फोन आला, डॉक्टर आजारी आहेत, पुढच्या आठवड्यात या. परत फिरलो. फाटकातून आत आलो तर ग्लेनिस तिच्या बोटीच्या पुढच्या भागात गुडघ्यांवर बसलेली होती.

तिने रिकामा सिलिंडर एका हाताने उचलून बाहेर ठेवला. भरलेला छातीशी धरून खणात उतरवला. खिशातून स्वतःचा पाना काढला, जुना, दांड्याला कापड गुंडाळलेला, आणि मनगटाच्या दोन झटक्यांत नट बसवला. डावीकडे फिरवून. नळीवर साबणाचं पाणी लावून गॅस गळतो का तेही पाहिलं. हे करताना ती गुणगुणत होती. ऐंशीच्या घरातली बाई, पण हात असे चालले होते की आमच्या टूलरूममधला कुणीही बघत राहिला असता.

मग तिने वर पाहिलं.

ती पाना लपवायला गेली, मग तिलाच ते हास्यास्पद वाटलं असावं. खाली ठेवला.

"तुम्ही संध्याकाळी येणार होतात," ती म्हणाली.

"तुम्हाला येतं हे," मी म्हटलं.

"प्रभाकर..."

"किती वर्षांपासून येतं?"

"पहिल्यापासून." तिने हात पुसले. "मँडीने सांगितलं होतं. तुम्ही जागा बघायला आलात, त्या दिवशी. त्या कपड्यांच्या खोलीत आम्ही पाच-सहाजण होतो. ती आत आली, मशीनला धरून उभी राहिली आणि म्हणाली, मी मरणार आहे आणि माझा नवरा तुमच्यात राहायला येणार आहे. अशीच म्हणाली, सरळ. मग म्हणाली, त्याला मदत करू नका. तो घेणार नाही, तुमच्यावर चिडेल आणि दार लावून घेईल. त्याला कसा आहेस म्हणून विचारूही नका. त्याच्याकडे काम घेऊन जा. रोज कुणीतरी जा. काम असलं की तो उठतो."

"आणि तुम्ही गेलात."

"आम्ही ठरवून घेतलं होतं. मी, रॉय, टेरी, सगळ्यांनी."

"रॉयचा गुडघा?"

"दुखतो कधी कधी," ती म्हणाली. मग जरा थांबून, "फार नाही."

आठ हिवाळे मी या माणसांना पांगळी म्हणत होतो.

"इतकी वर्षं कशाला केलंत?" मी विचारलं. "सुरुवातीचं ठीक आहे. नंतर थांबायचं होतं."

"कधी थांबायचं ते तिने सांगितलं नव्हतं," ग्लेनिस म्हणाली.

मी तिथेच धक्क्यावर बसलो, पाण्यात पडतो की काय अशा बेताने. डोळ्यांसमोरचं काही दिसेना. उठायला गेलो तर उठता येईना. ग्लेनिस घाईने बोटीवरून उतरून माझ्यापर्यंत आली आणि थांबली. तिचा हात पुढे आला, तिने तो मागे घेतला. तसं तिला सांगून ठेवलेलं होतं. कपड्यांची टोपली घेऊन कुणीतरी येत होतं, तेही पलीकडेच थांबलं. दोघं नुसती उभी राहिली, माझ्याकडे न बघता.

शेवटी मीच म्हटलं, "ग्लेनिस, हात द्या."